पुढच्या खोलीची ऊब

रसेलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरला आणि त्याच्यावर घर काढलं. घर आमचंच, पण छप्पर उचलून पाखराने आत डोकावावं तसं दिसणारं. खाली पुढची खोली, मधे स्वयंपाकघर, मागे मोरी आणि न्हाणी. वर निजायच्या तीन खोल्या. जिथे जिथे भिंतीला खोली तापवणारा रेडिएटर, तिथे तिथे त्याने एकेक चौकोन काढला आणि पेन्सिल कानावर खोचून आमच्याकडे बघितलं. शाळेतून चित्र घेऊन यायचा तेव्हा बघायचा, अगदी तसंच.

रेडिएटरना गरम पाणी पुरवणारा जुना बॉयलर पहिल्या थंडीतच खोकून खोकून गेला होता. नवा बसवायचाच आहे, तर सगळं नव्या पद्धतीने करू, म्हणून माझा हा भाऊ सुट्टी काढून दक्षिणेतल्या स्विंडनहून इतक्या वर उत्तरेला आला होता. नवी पद्धत म्हणजे अशी: प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हवर एक जाडसर पांढरी टोपी बसवायची. तिला खोलीतली थंडी कळते, आणि फोनवरून सांगितलेलंही कळतं. जिथे माणूस, तिथे ऊब. जिथे कोणी नाही, तिथे कशाला?

"सगळं घर तापवायचं म्हणजे रिकामी बस गावभर फिरवण्यासारखं आहे," तो मला म्हणाला. मी बस चालवते, म्हणून ही उपमा.

"रिकामी बससुद्धा वेळेवर न्यावी लागते," मी म्हटलं.

आई चुलीपाशी उभी होती. थेल्मा तिचं नाव, वय एकोणऐंशी, पाठ अजून खुंटीसारखी ताठ. मी नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो, आणि त्या घरात कोण कोणाला सांभाळतं, हे विचारायची कोणाची छाती नाही.

"आई, तू सकाळी किती वाजता उठतेस?" रसेलने विचारलं.

"जाग आली की."

"म्हणजे साधारण?"

"साधारण जाग आली की."

"बरं. स्वयंपाकघरात कुठवर असतेस?"

"काम संपेस्तोवर."

"आणि काम कधी संपतं?"

आईने माझ्याकडे बघितलं. "जिल, ह्याला नक्की मीच जन्म दिलाय ना गं? का इस्पितळात बदलला कोणी?"

पण तिने उत्तरं दिली. स्वयंपाकघर सकाळपासून, न्हाणी आंघोळीपुरती, तिची खोली निजायच्या आधी थोडी. रसेल चौकोनांत अंशांचे आकडे भरत गेला. अठरा, वीस, सतरा. मग त्याची पेन्सिल पुढच्या खोलीवर आली आणि जराही न थांबता त्याने तिथे बारा लिहिलं.

"बारा का रे?" आईने विचारलं.

"पाइप गोठू नयेत म्हणून. तिथे कोणी बसतच नाही ना."

आईने चहाची किटली खाली ठेवली. खरं होतं ते. त्या खोलीत कोणी बसत नव्हतं.

भिंतीला भिंत लागून असलेल्या आमच्या ओळीतल्या कुठल्याच घरात पुढच्या खोलीत कोणी बसत नसे. खाणकामगारांची घरं ही, आणि खाण होती तोवर कोळशाला तोटा नव्हता. मागच्या गल्लीत घराघराच्या दारात फुकटचा काळा ढीग ओतला जायचा, आणि बायका फावड्याने तो आत ओढायच्या. स्वयंपाकघरातला विस्तव रात्रंदिवस, उन्हाळ्यातही, कधी विझला नाही. पुढच्या खोलीची शेकोटी मात्र नाताळला पेटायची, बारशाला पेटायची, आणि कोणी बडं माणूस आलं तर. मग आई स्वयंपाकघरातले धगधगते निखारे फावड्यावर घेऊन बोळातून पळत जायची आणि ओरडायची, "भिंतीला चिकटा!" आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहायचो, आणि लाल निखाऱ्यांची ऊब आमच्या नाकासमोरून पाहुण्याकडे निघून जायची.

चिंध्या टोचून केलेली नवी चटई आधी त्या खोलीत अंथरायची. वर्षभराने ती स्वयंपाकघरात यायची, मग वरच्या खोलीत, मग मागच्या दारात पाय पुसायला. माणसं चढत जातात, आमच्याकडे चटया उतरत जायच्या. आम्ही पोरी गल्लीत दोरीवर उड्या मारताना म्हणायचो,

पुढच्या खोलीत बसतं कोण?
पाद्रीबाबा, डॉक्टर दोन.
पुढच्या खोलीत निजतं कोण?
ज्याची पावलं झाली मौन.

म्हणजे मेलेलं माणूस. आमची आजी तिथे निजली, आणि मागच्या वर्षी बाबा. दफनाला नेण्याआधीची अखेरची जागा तीच. आजही ओळीतल्या कुठल्या घरी दिवसाढवळ्या पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले दिसले, की आत कोणी गेलंय असं समजून लोक टोपी काढून पुढे जातात.

तर रसेलने बारा लिहिलं, आणि आई त्या बाराकडे बघत राहिली. एखाद्याने आपल्या तोंडावर आपलंच नाव चुकीचं घ्यावं आणि दुरुस्त करायला शब्द सापडू नये, तसा चेहरा होता तिचा.

टोप्या बसल्या. रसेलने सगळ्या खोल्या आपल्या फोनवर जोडल्या, मला कसं बघायचं ते शिकवलं. आईला म्हणाला, "तुला काही करावं लागणार नाही. सगळं आपोआप." आईला आयुष्यात कोणी दिलेलं हे सर्वांत वाईट वचन असावं. तो स्विंडनला गेला.

मंगळवारी माझी बसची पाळी दुपारची होती. आईने सकाळची भांडी धुतली, ॲप्रन सोडून खुंटीला अडकवला, हातांना मलम चोळलं आणि बोळातून पुढच्या खोलीत गेली. मला वाटलं धूळ पुसायला गेली. बराच वेळ आवाज नाही म्हणून बघायला गेले, तर ती हिरव्या मखमली खुर्चीत बसलेली. पाठ टेकून, हात मांडीवर. रेडिएटरची टोपी तिने एकवीसवर फिरवून ठेवली होती आणि लोखंड टिकटिक करत तापत होतं.

"आई? काय करतेस?"

"बसलेय."

"बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय म्हणूनच बसलेय." मग तिने डोळ्यांवर हात धरला. "ऊन थेट तोंडावर येतंय गं. पडदे ओढ जरा."

मी पडदे ओढले. आमच्या ओळीत जन्मलेल्या बाईने करू नये अशी ही चूक, आणि ती मी केली.

चहाचं पाणी उकळायच्या आत मागचं दार उघडलं. आमच्याकडे मागच्या दाराला कोणी टकटक करत नाही. शेजारची एव्हरिल आत आली. अंगात काळा स्वेटर, हातात झाकलेली परात. परातीत हॅम, वाटाण्याचं घट्ट पुडिंग, आणि अजून वाफ निघणारे गोल चपटे पाव. तिच्या मागे गल्लीतल्या दोघी, माना खाली घालून.

एव्हरिलने परात टेबलावर ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले. "जिल, बाळ. कधी गं? काल तर कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना माझ्याशी भांडली. काय काय म्हणाली मला! आणि मी पण काय काय म्हणाले. आता कोणाची माफी मागू?" आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"एव्हरिल—"

"बोलू नकोस. आत आहे का? बघू दे मला."

तेवढ्यात बोळातून आवाज आला, "जिल! चहा करायला चीनला गेलीस का?"

मागच्या दोघींपैकी एकीने "अरे देवा" म्हणून दाराची चौकट धरली. एव्हरिलचे डोळे ओले ते ओलेच राहिले आणि तोंड मात्र रागाने लाल झालं. ती तरातरा पुढे गेली.

"थेल्मा! तू मेलेली नाहीस?"

"अजून तरी नाही. का? तुला घाई आहे?"

"मग इथे काय करतेस?"

"सगळे एकच विचारतात. बसलेय."

"कोण येणार आहे?"

"कोणी नाही."

"मग कुणासाठी बसलीस?"

"माझ्यासाठी."

एव्हरिलला हे पचेना. ती गालिच्याच्या कडेशी थांबली होती, बूट मागच्या दारात काढून, मोज्यांची बोटं आत वळवून. "अगं, पण आज मंगळवार आहे," ती म्हणाली.

"मला कॅलेंडर वाचता येतं. ये, बस."

"मी? इथे?"

"तुझ्या घरातल्या खोलीत बस म्हणत नाहीये. माझ्या खोलीत बस म्हणतेय."

ती सोफ्याच्या अगदी कडेला टेकली, कोणी ओरडलं तर उठता यावं अशी. मागच्या दोघी आल्या. मी पडदे बाजूला सारले. मयतासाठी आणलेलं हॅम आईने स्वतः कापून ताटल्यांत वाढलं आणि सगळ्यांत जाड तुकडा स्वतः घेतला. "माझ्या मयताचं आहे, म्हणजे मीच पहिली," ती म्हणाली. हळूहळू एव्हरिलची पाठ मागे टेकली. मग तिने स्वेटर काढला. मग ती म्हणाली, "किती छान ऊब आहे गं. माझ्या खोलीत असंच असेल का?"

"तुला ठाऊक नाही?"

"मला कसं ठाऊक असणार? मी तिथे फक्त पुसायला जाते."

कोणी हसलं नाही. सगळ्याच आपापल्या घरच्या त्या बंद दाराकडे मनाने जाऊन आल्या.

त्या जायच्या आतच फोन वाजला. रसेल. मी स्पीकर लावला.

"जिल, पुढच्या खोलीची टोपी बिघडलीये. एकवीस दाखवतेय."

"बिघडलेली नाही," आई म्हणाली. "मी आहे."

"तू? पुढच्या खोलीत?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "काय झालं?"

"काही झालेलं नाही. माणूस काही झाल्याशिवाय आपल्याच घरात बसू शकत नाही का?"

"तसं नाही आई, पण स्वयंपाकघरात वीस ठेवलंय ना तुला. तुझ्या सवयीच्या खोल्यांना ऊब दिलीये मी. उगाच नको त्या खोलीत गॅस जाळायचा..."

"सवय मला लावली गेली, रसेल. कोणी विचारून लावली नव्हती."

तो काहीतरी पुटपुटला, बैठक आहे म्हणाला आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने टोपीच्या पोटातून करकर आवाज आला. एकवीसचा आकडा खाली उतरत बारावर येऊन थांबला. दूर दक्षिणेत बसलेल्या लेकाचं बोट तिथवर पोचलं होतं.

आईने टोपी फिरवून परत एकवीसवर नेली.

पुढचे काही दिवस हेच चाललं. ही वर करायची, तो खाली. मी कामावरून यायची तेव्हा आई कधी उबेत बसलेली असायची, कधी कोट घालून थंडीत. पण बसलेली खुर्चीतच. "बैठकीत असला की त्याला वेळ मिळत नाही," ती मला सांगायची. "तेव्हा चांगली गरम होते." एव्हरिल रोज यायला लागली. मंगळवारचं नवल संपलं, बुधवारचंही संपलं.

मग एका सकाळी आईने टोपी फिरवली आणि आकडा हललाच नाही. पुन्हा फिरवली. चिमुकलं कुलपाचं चित्र लुकलुकलं आणि गेलं. मी रसेलला फोन लावला.

"हो, मी केलंय ते," तो म्हणाला. "जिल, समजून घे. ती वर करते आणि विसरते. मी रोज किती वेळा बघत बसू? चाइल्ड लॉक लावलंय, बस्स."

फोन हातात होता, स्पीकर चालू होता, आणि आई दारात उभी होती.

"काय लावलंय म्हणाला?"

मी घाईघाईने स्पीकरचं बटण शोधू लागले.

"चाइल्ड लॉक," आई सावकाश म्हणाली. पहिल्यांदा चाखलेल्या पदार्थाचं नाव घ्यावं तसं. "तू रांगायला लागलास, रसेल, तेव्हा चुलीपुढे मी कठडा लावला होता. का? तुला भाजू नये म्हणून. आता तू मला कठडा लावलास. का? मला ऊब लागू नये म्हणून?"

"आई, तसं म्हणायचं नव्हतं..."

"तू कागदावर घर काढलंस. छान काढलंस. पण तुझ्या कागदावर मी कुठे आहे, तर स्वयंपाकघरात आणि बिछान्यात. लग्न होऊन ह्या घरात आले त्या दिवसापासून पुढची खोली मी झाडली, पुसली, शेकोटीचं लोखंड काळं पॉलिश लावून चमकवलं. त्या खोलीत मी गुडघ्यांवर बसलेय, पोरा. खुर्चीत कधी बसले नाही. खुर्ची पाद्र्याची होती, डॉक्टरची होती, विमावाल्याची होती. तुझा बाप जन्मभर खाणीत वाकला, आणि त्याला ती खोली मिळाली कधी? मेल्यावर. तीन दिवस. आणि तीही खिडकी उघडी टाकून, रेडिएटर बंद करून. त्याला ऊब नाहीच मिळाली तिथली."

ती थांबली. मला वाटलं रडेल. पण ती रडणारी नव्हती. तिने फक्त श्वास घेतला, फावडं भरण्याआधी बायका घ्यायच्या तसा.

"मला मेल्यावर नकोय ती. मला आता हवीये. आणि मी ती घेतलीये. तू कुलूप लाव नाहीतर किल्ला बांध."

तिने फोनकडे पाठ फिरवली, रेडिएटरपुढे वाकली, आणि जॅमच्या बरणीचं झाकण पिळावं तशी ती पांढरी टोपी दोन्ही हातांनी पिळली. टोपी निघून हातात आली. कुलूप आकड्याला होतं. टोपीच काढायला कुलूप नव्हतं. आईने खिडकी वर सरकवली, बाहेरच्या दगडी कट्ट्यावर, दव गोठलेल्या त्या काठावर टोपी ठेवली आणि खिडकी धाडकन खाली ओढली.

"बस आता तिथे," ती काचेतून टोपीला म्हणाली. "बघ कसं वाटतं बारा डिग्रीत."

बाहेर बारा कुठले? तीन असतील नसतील.

मी कामावर गेले. परत आले तर पुढच्या खोलीची काच धुक्याने भरलेली, आत आई आणि एव्हरिल बाह्या सारून पत्ते खेळतायत, दोघींचे गाल पिकल्या सफरचंदासारखे. रेडिएटरला हात लावला तर चटका बसला. टोपीशिवाय व्हॉल्व्ह सताड उघडा राहिला होता. पण बॉयलर इतका का धडधडतोय, ते मला कळेना. तेवढ्यात रसेलचा फोन.

"जिल, घरी आहेस? पुढची खोली गोठतेय! आधी फोन म्हणाला खिडकी उघडी आहे. मी वाट बघितली. आता दोनवर आलंय! पाइप फुटतील. मी अठरा लावलं, चढेना. बावीस लावलं, चढेना. पंचवीस लावलंय आता!"

मी काच पुसून कट्ट्यावरच्या टोपीकडे बघितलं. तिच्यावर पांढरं हिव साचलं होतं. ती तिथे बिचारी कुडकुडत सगळ्या जगाला सांगत होती, की पुढची खोली गारठलीये, जाळा अजून, जाळा. आणि माझा भाऊ दूर दक्षिणेतून आपल्याच बोटाने आईची खोली तापवत होता.

मी बोळात पळाले आणि मला असं हसू फुटलं, की भिंतीला धरून बसावं लागलं. फोन ठेवून मी आत जाऊन दोघींना सांगितलं. एव्हरिलने पत्ते टाकून मांडीवर थापा मारल्या. "ठेव, तशीच ठेव! वसंतापर्यंत त्याला कळायचं नाही!"

आई हसली नाही. तिने हातातले पत्ते नीट जुळवले आणि पालथे ठेवले.

"म्हणजे त्याला वाटतंय, तोच तापवतोय?"

"हो."

"आणि मी इथे त्याला फसवून बसलेय."

"फसवून म्हणजे काय गं," एव्हरिल म्हणाली, "त्याने कुलूप लावलं, तू..."

"चोरून ऊब नको मला," आई म्हणाली. "जन्मभर चोरूनच घेतली की. सगळे निजल्यावर चुलीपुढे घटकाभर. पाहुणे गेल्यावर शेकोटी विझेपर्यंत दोन मिनिटं. आता ही उघड पाहिजे. जिल, लाव त्याला फोन."

मी लावला.

"रसेल, खोली गोठलेली नाही. तुझी टोपी मी उपटून खिडकीबाहेर ठेवलीये. मी आत बसलेय, एव्हरिल आहे, आम्हाला घाम येतोय. खाली करायचं असेल तर तुझं कर. पण मग मी इथे कोट घालून बसेन, आणि रोज बसेन. एवढंच सांगायचं होतं."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग रसेल म्हणाला, "मला वाटलं होतं तू गेलीस."

"कुठे?"

"त्या मंगळवारी. आई, मी रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तुझं स्वयंपाकघर बघतो. फोनवर. तिथला आकडा थोडा चढला, की मला कळतं तू चूल पेटवलीस, उठलीस, आहेस. मग मी दात घासायला जातो. त्या दिवशी स्वयंपाकघराचा आकडा उतरला आणि पुढच्या खोलीचा चढला. मी ऑफिसात होतो. पुढची खोली म्हणजे... तुला माहितेय. बाबा गेले तेव्हा मी वेळेवर पोचलो नव्हतो. मला त्या खोलीचा आकडा चढलेला बघवत नाही. म्हणून खाली करत होतो."

एव्हरिलने रुमाल काढला. आईने तिच्याकडे बघून डोळे वटारले.

"मग फोन कर की रे," ती म्हणाली. आवाज मऊ झाला होता, पण वाकला नव्हता. "आहेस का, म्हणून विचार. मी सांगेन, आहे. मी काय आकडा आहे का, चढले-उतरले म्हणून ओळखायला? आणि नीट ऐक. मी इथे मरायला बसलेली नाही. तुझ्या भीतीपायी मी माझी खोली थंड ठेवणार नाही. तुझी भीती तू सांभाळ. मी माझी खोली सांभाळते."

"पण आई..."

"पण नाही."

शनिवारी तो आला. मागच्या दाराने, सवयीप्रमाणे. बूट काढले, स्वयंपाकघरात आला, खुर्ची ओढून टेबलाशी बसला.

"तिथे नको," आईने पुढून हाक मारली. "इकडे ये."

तो बोळातून आला आणि खोलीच्या उंबऱ्यात थांबला. पन्नाशीचा माणूस, केस पिकायला लागलेले, पण पाय आत पडेना. लहानपणी ह्याच जागी त्याच्या पाठीत धपाटे बसले होते. मी त्याच्या मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

"सरक ना, चहा गार होतोय," मी म्हटलं.

तो आत आला. पाद्र्याच्या सोफ्यावर बसला, गुडघे जुळवून. टोपी आईने आधीच आत आणून पुसून ठेवली होती. त्याने ती रेडिएटरवर परत बसवली, फोन काढला आणि त्या कुलपाच्या चित्रावर बोट टेकवून कुलूप काढलं.

"किती ठेवू?" त्याने विचारलं.

"तू ठेवू नकोस. फोन इकडे दे आणि मला दाखव कसं ठेवायचं."

त्याने तिच्या खुर्चीच्या हातावर बसून दाखवलं. आईने चष्मा नाकावर चढवला, दोनदा चुकली, एकदा भलत्याच खोलीला उन्हाळा केला. "ही न्हाणी आहे, आई." "बरं झालं, न्हाणीलाही कळू दे." तिसऱ्यांदा तिच्या बोटाखाली पुढच्या खोलीचा आकडा हलला. मग रसेलने तिच्या स्वतःच्या जुन्या फोनवर सगळं बसवून दिलं. फोनवरच्या त्या घराची मुख्य मालकी तिच्या नावावर. स्वतःकडे त्याने फक्त बघण्याची परवानगी ठेवली, आणि तीही विचारून.

"बघ हवं तर," आई म्हणाली. "पण सकाळी फोन करायचाच."

"करेन."

आईने बोट सरकवलं. बावीस. टोपीच्या पोटात करकर झालं, रेडिएटर टिकटिकू लागला, आणि आम्ही तिघं चहा पीत बसलो. बोलायला फारसं काही नव्हतं. त्या खोलीत कसं बोलायचं असतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं. आई मात्र खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून मजेत होती.

थोड्या वेळाने रसेलने जाड स्वेटर काढला. मग शर्टाचं वरचं बटण सोडलं. कपाळ पुसलं. खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं.

"आई," तो शेवटी म्हणाला, "जरा जास्तच गरम होतंय गं इथे."

आईने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"होतं का? मग जा, स्वयंपाकघरात जाऊन बस."